शतावरीची विलायती बहीण

भाजी घेताना भेंडीचे शेपूट मोडून पाहिले नाही, अशी मराठी गृहिणी शोधूनही सापडायची नाही. भाजीवाली कितीही करवादली, "बाई, मोडू नका हो, कोवळीच आहे!" म्हणून विनवू लागली, तरी चार भेंड्यांची टोके कट्‌कन मोडल्यावाचून आपले समाधान होत नाही. दुधीला हळूच नख लावायचे, कणसाचा एखादा दाणा दाबून दूध येते का ते बघायचे, शेवग्याच्या शेंगेला पीळ देऊन पाहायचा, गवार बोटांत वाकवायची. ही सारी परीक्षा एकाच गोष्टीसाठी, कोवळेपणासाठी. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती आईच्या पाठोपाठ पिशवी धरून मंडईत हिंडताना आपोआप येते.

पण अलीकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या बाजारांत एक नवी पाहुणी दिसू लागली आहे, आणि तिच्यापुढे ही मुरलेली परीक्षकही गोंधळून जाते. हिरवी, बोटाएवढी जाड, वीतभर लांब कांडी. टोकाला मिटलेल्या कळीसारखा खवल्याखवल्यांचा शेंडा. आठ-दहा कांड्यांची रबराने बांधलेली जुडी. नाव ॲस्परॅगस. किंमत ऐकून हात आखडतो खरा; परंतु दिवाळीच्या सुटीत परदेशातून भाची येणार असते, तिला ही भाजी आवडते, म्हणून जुडी पिशवीत पडते. घरी आल्यावर गवारीसारखे तिचे सरसकट तुकडे होतात, कुकरची एक शिट्टी होते आणि पानात जे येते ते पाहून घरातले सगळे एकमेकांकडे बघू लागतात. शेंड्यांचा लगदा झालेला, बुडखे मात्र चघळून चघळून नुसता चोथा! "या विलायती भाज्या दिसायच्याच छान," असा निकाल लागतो आणि पुन्हा ती घरात येत नाही.

हा निकाल अन्यायाचा आहे. दोष भाजीचा नाही आणि, खरे म्हणजे, स्वयंपाक करणारीच्या हाताचाही नाही. तिला फक्त एक गोष्ट कोणी सांगितलेली नसते: ॲस्परॅगसचा कोवळेपणा चुलीवर तयार होत नाही, तो फक्त राखता येतो.

ओळख जुनीच आहे

आधी या पाहुणीचे गोत्र पाहू. ॲस्परॅगस हे नाव परके वाटले, तरी कूळ आपल्या ओळखीचे आहे. बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प देतात, त्यातली शतावरी ही हिची सख्खी बहीण. वनस्पतिशास्त्रात शतावरीला ॲस्परॅगस रेसिमोसस आणि या भाजीला ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस म्हणतात. दोघींचे आडनाव एकच. फुलांच्या गुच्छात गुलाबाच्या मागे जी पिसासारखी तलम हिरवी फांदी खोवलेली असते, तीही याच घराण्यातली.

सह्याद्रीच्या रानात पहिल्या पावसानंतर शतावरीला नवे कोंब फुटतात. रानभाज्या खुडणारी मंडळी हे कोंब खुडून आणतात आणि कांदा-मिरचीवर त्यांची भाजी करतात. म्हणजे या वंशाचा कोवळा कोंब खाण्याची रीत आपल्याकडे आहेच. शतावरीची आपण मुख्यतः मुळी घेतली, युरोपाने ऑफिसिनॅलिसचा कोंब घेतला, एवढाच फरक. मात्र बहिणी आहेत म्हणून एकीचे औषधी गुण दुसरीला चिकटवू नयेत. ॲस्परॅगस भाजी म्हणून खावी. काढा म्हणून नव्हे.

युरोपात या कोंबाचे कौतुक फार पुरातन. रोमचा सम्राट ऑगस्टस एखादे काम झटपट उरकायला सांगताना ‘ॲस्परॅगस शिजायला लागतो त्याहून लवकर’ अशा अर्थाचा वाक्प्रचार वापरी, अशी नोंद त्याचा चरित्रकार सुएटोनियस याने करून ठेवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्वयंपाक्यांना या भाजीचे मर्म चांगलेच उमगले होते, असे म्हणायला हरकत नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला तर हे कोंब हंगामाच्या आधीच हवे असत. त्याच्या व्हर्सायच्या बागेचा अधिकारी ला क्विंतिनी जमिनीला ऊब देऊन ते भर थंडीत उगवून दाखवी.

याच देशातील फोंतनेल या विद्वानाची एक आख्यायिका सांगतात. त्याला ॲस्परॅगस तेलात आवडे आणि जेवायला आलेल्या धर्मगुरू मित्राला लोण्यात. तडजोड म्हणून निम्मी तेलात, निम्मी लोण्यात करायचे ठरले. तेवढ्यात मित्र एकाएकी कोसळून गतप्राण झाला. तेव्हा फोंतनेल धावत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि ओरडला, आता सगळीच तेलात करा! गोष्ट खरी की खोटी देव जाणे; परंतु हा फोंतनेल शंभरी गाठायला महिना उरला असताना १७५७ साली वारला, हे मात्र खरे.

चित्रकार एद्वार माने याची गोष्ट याहून प्रसन्न आहे. त्याने १८८० साली ॲस्परॅगसच्या जुडीचे एक चित्र काढले आणि शार्ल एफ्रुसी या रसिकाला ८०० फ्रँकला देऊ केले. एफ्रुसीने आनंदाने १००० फ्रँक पाठविले. तेव्हा मानेने एकाच कांडीचे आणखी एक छोटे चित्र रंगवले आणि आपल्या जुडीतली एक कांडी राहिली होती, असे कळवून तेही धाडून दिले! जुडी आज जर्मनीतील कोलोन शहरात आहे आणि ती राहिलेली कांडी पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात.

कोंब राठ होतो कसा?

ॲस्परॅगसचे झाड एकदा लावले की दहा-पंधरा वर्षे त्याच जागी राहते. जमिनीत मुळांचा गड्डा असतो आणि वसंतात त्याला कोंब फुटतात. पहिली दोन वर्षे शेतकरी बहुधा एकही कोंब कापत नाही. गड्ड्याला बळ येऊ देतो. मग मात्र ऊब मिळाली की हे कोंब इतक्या झपाट्याने वर येतात की काल वीतभर नसलेला कोंब आज कापायला होतो. कापला नाही तर तोच कोंब पुरुषभर उंच वाढतो, त्याला पिसाऱ्यासारख्या फांद्या फुटतात आणि मादीझाडावर लाल फळे धरतात.

आता विचार करा. पुरुषभर उंचीचा पिसारा पेलायचा तर बुंधा बळकट हवा. म्हणून कोंब वाढता वाढताच तळापासून त्याच्या तंतूंत लिग्निन नावाचे द्रव्य साठू लागते. लाकडाला लाकूडपण देणारे द्रव्य ते हेच. शेंडा कोवळा आणि बुडखा राठ का, याचे उत्तर इथे आहे. बुडखा म्हणजे लाकूड होऊ लागलेली भाजी!

आणि आता खरी मेख. कापल्यावर कोंब थांबत नाही. भाज्यांमध्ये अतिशय वेगाने श्वसन करणाऱ्यांपैकी हा एक. कापल्यानंतरही तो आपली साखर जाळत राहतो आणि कापल्या टोकाकडून तंतू राठ होत जातात. उन्हात, उकाड्यात हे काम तासातासाने पुढे सरकते, थंडाव्यात मंदावते. म्हणजे सकाळी गोड आणि कोवळी असलेली जुडी दुकानाच्या फळीवर दोन दिवस पडली, तर तीच जुडी फिकी आणि दोरदार होते. कापल्यापासून ताटात येईपर्यंतचा काळ हीच या भाजीची खरी किंमत.

लिग्निनचा आणखी एक गुण ध्यानात ठेवायला हवा: ते शिजत नाही. उकळत्या पाण्यात भाजीच्या पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळते, म्हणून भाजी मऊ होते. लिग्निनवर त्या पाण्याची मात्रा चालत नाही. म्हणूनच ‘बुडखे कडक लागतात, आणखी दहा मिनिटे ठेवू’ या हिशेबाने बुडखे सुधारत नाहीत, शेंडे मात्र वाया जातात.

बाजारात काय पाहावे

शेंडा घट्ट मिटलेला असावा. खवले सुटले, पसरले किंवा शेंडा ओलसर-काळसर झाला असेल तर जुडी शिळी. कांडी टणक आणि तकतकीत असावी; अंगावर उभ्या सुरकुत्या नसाव्यात. बुडाचा काप वाळून भेगाळलेला नसावा. दोन कांड्या एकमेकींवर घासल्या की ताज्या जुडीतून कुरकुर आवाज येतो. भेंडीचे शेपूट मोडणाऱ्या हाताला ही परीक्षा सहज जमेल आणि दुकानदाराचे नुकसानही होणार नाही.

एक गैरसमज मात्र सोडून द्यावा. बारीक कांडी कोवळी आणि जाड कांडी जून, असे आपल्याला भेंडी-गवारीवरून वाटते. ॲस्परॅगसचे तसे नाही. बारीक कोंब पुढे जाड होत नसतो. तो जमिनीतून येतो तोच बारीक किंवा जाड. जोमदार गड्ड्याला जाड कोंब फुटतात, अशक्त गड्ड्याला बारीक. कित्येकदा अंगठ्याएवढी जाड कांडी सोलल्यावर आतून लोण्यासारखी निघते आणि काडीसारखी बारीक कांडी दोरदार लागते. जाडी कोणतीही घ्या. जुडीतल्या सगळ्या कांड्या सारख्या जाडीच्या असाव्यात, म्हणजे एकाच वेळी शिजतील.

घरी आल्याबरोबर बुडाचा अर्धा इंच कापून टाकावा आणि उंच पेल्यात इंचभर पाणी घालून फुलांसारखी जुडी उभी ठेवावी. वरून पिशवी सैलसर पांघरून पेला फ्रिजमध्ये ठेवावा. शेजारी पिकलेली केळी किंवा सफरचंदे ठेवू नयेत. त्यांतून निघणारा इथिलीन वायू कोंब राठ करण्याची घाई करतो. अशी निगा राखली तरी दोन-तीन दिवसांत जुडी संपवलेली बरी. आज आणली तर आजच करावी हे उत्तम.

मोडावे की सोलावे?

कांडी दोन्ही हातांनी धरून वाकवावी, ती जिथे मोडेल तिथून वरचा भाग कोवळा, असे सांगितले जाते. ऐकायला सोपे आहे, कारण भेंडीची सवय. पण कांडी कुठे मोडायची हे पुष्कळसे आपण ती कुठे धरतो यावर अवलंबून असते. हात वर धरला की वरून मोडते आणि चांगला निम्मा कोंब केरात जातो. एवढी महाग भाजी अशी टाकणे कोणत्या काटकसरी घराला परवडेल?

त्यापेक्षा सुरीने बुडाचा पांढुरका, लाकडासारखा भाग तेवढा कापावा. सुरी जिथे विनाआडकाठी आत जाईल तिथे थांबावे. मग कांडी पाटावर आडवी ठेवून, हाताने हलके धरून, खालच्या तिसऱ्या हिश्शाची साल सोलणीने पातळ काढावी. राठ तंतू बहुतांशी सालीलगत असतात. ते गेले की आतला गर शेंड्याइतकाच कोवळा असतो. काडीसारख्या बारीक कांड्यांना सोलण्याची गरज नाही.

कापलेले बुडखे आणि साली टाकू नयेत. पाण्यात घालून वीस मिनिटे उकळावे व गाळून घ्यावे. या पाण्यात एक बटाटा आणि थोडा कांदा शिजवून घोटला की चांगले सूप होते. जर्मन गृहिणी असेच करतात. चोथा गाळणीतच राहतो आणि चव हाती लागते.

चुलीपाशी

पाव किलोच्या जुडीला दोन लिटर पाणी, त्यात दोन चहाचे चमचे मीठ. पाणी जास्त हवे, कारण भाजी टाकल्यावर त्याची उकळी मोडता कामा नये. पाणी खळखळू लागले की कांड्या सोडाव्यात. काडीसारख्या बारीक असतील तर दोन मिनिटे, बोटाएवढ्या असतील तर तीन-चार, अंगठ्याएवढ्या असतील तर पाच-सहा. सुरीचे टोक बुडाशी टोचून पाहावे. सहज आत गेले पण कांडी लोंबू लागली नाही की झाले. लगेच चाळणीत निथळावे.

जाड कांड्यांसाठी युरोपात खास उंच, अरुंद भांडे मिळते. जुडी दोऱ्याने बांधून त्यात उभी ठेवतात. बुडे पाण्यात शिजतात, शेंडे नुसत्या वाफेवर. आपल्याकडे दुधाचे उंच, अरुंद पातेले असेल तर तेच वापरावे. या एका प्रकारातच वर झाकण हवे, कारण वाफ कोंडावी लागते.

एरवी झाकण ठेवू नये. आपल्या स्वयंपाकात ‘झाकण ठेवून वाफ आणणे’ इतके अंगवळणी पडले आहे, की हात आपोआप ताटलीकडे जातो. पण भाजी शिजताना तिच्यातली आम्ले बाहेर पडतात. झाकण असले की ती पाण्यातच परततात, पानातल्या हरितद्रव्याचे मॅग्नेशियम निसटते आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. लिंबूही याच कारणाने शिजताना पिळू नये. पान वाढताना पिळावे. रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची युक्ती कोणी सुचवील, तर नम्रपणे नाही म्हणावे. सोड्याने रंग हिरवागार राहतो, पण कोंबाचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वे नष्ट होतात. कुकरचे तर नावच नको.

भाजी गार खायची असेल, तर निथळल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात टाकावी. नाही तर आतल्या उष्णतेने ती ताटातही शिजत राहते. गार झालेल्या कांड्यांचे इंच-इंच तुकडे करून, आयत्या वेळी दही, दाण्याचे कूट आणि जिरे-मिरचीची फोडणी घातली की सुरेख कोशिंबीर होते.

आपल्या पद्धतीची परतलेली भाजी करायची असेल तर शेंडे वेगळे काढावेत आणि दांड्यांचे तिरके काप करावेत. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, हिरवी मिरची, आच मोठी. आधी दांड्यांचे काप दोन मिनिटे परतावेत, मग शेंडे घालून आणखी दीड-दोन मिनिटे. मीठ आणि मूठभर ओले खोबरे घालून खाली उतरवावे. मसाला, गूळ, चिंच यांची गर्दी करू नये. या भाजीची चव मटार आणि कोवळ्या कणसाच्या जातीची, नाजूक आहे. ती आपल्या गोडा मसाल्याशी भांडू शकत नाही.

परगावी, विशेषतः जर्मनीत किंवा हॉलंडात, संसार थाटलेल्या मराठी मुलींना पांढरा ॲस्परॅगस भेटतो. झाड तेच, पण कोंबांवर मातीचा वरंबा चढवून त्यांना ऊन लागू देत नाहीत, म्हणून हिरवा रंग येत नाही. त्याची साल मात्र जाड आणि कडसर, म्हणून शेंड्याखालपासून बुडापर्यंत सगळी काढावी लागते. शिजायलाही दहा-पंधरा मिनिटे लागतात. तिकडे एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला की सारा देश या भाजीमागे लागतो आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाला, परंपरेने कापणी थांबते. पुढचे कोंब वाढू दिले तरच पिसारा फुटणार, मुळांत अन्न साठणार आणि पुढच्या वसंतात पुन्हा कोंब येणार. खाणे कुठे थांबवायचे हेही कोवळेपणाच्या शास्त्राचेच एक कलम आहे.

जाता जाता दोन गोष्टी. ॲस्परॅगसमध्ये शेकडा ९३ भाग पाणीच असते आणि १०० ग्रॅममागे जेमतेम २० कॅलरी. शिवाय फोलेट हे उपयुक्त जीवनसत्त्व भरपूर. खाल्ल्यावर काही तासांनी लघवीला एक चमत्कारिक वास येतो. तो गंधकयुक्त द्रव्यांचा असतो. त्याने घाबरून डॉक्टरकडे धाव घेऊ नये.

पान आधी, भाजी मागाहून

इतके सारे सांभाळले तरी एक धोका उरतोच आणि तो आपल्या घरांच्या रीतीतला आहे. आपल्याकडे भाजी आधी होते, मग कोशिंबीर, मग पोळ्या. पाने मांडली जातात, मुले बसतात, पुरुष बसतात. घरची बाई गरम पोळ्या वाढत राहते आणि सगळे उठल्यावर आपले पान घेते. बटाट्याची भाजी तिची वाट पाहील, उसळ पाहील, वांगे तर मुरून अधिकच चवदार होईल. ॲस्परॅगस वाट पाहत नाही. तासाभराने त्याचा रंग मेलेला असतो, अंग लिबलिबीत झालेले असते. शिवाय शेंडे पाहुण्यांच्या आणि मुलांच्या पानात गेलेले असतात; तिच्या वाट्याला येतात ते गार झालेले बुडखे. ज्या बाईने जुडी निवडली, सोलली, पाण्याशेजारी उभी राहिली, तिलाच ही भाजी कशी लागते ते कधी कळत नाही! मग पुढल्या खेपेला ‘नकोच ती’ असे ती म्हणाली, तर त्यात नवल कसले?

तेव्हा या भाजीपुरता तरी क्रम उलटा करावा. पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्यात. आमटी-भात तयार असावा. पाणी उकळत ठेवावे, मग सगळ्यांना हाक मारावी आणि सगळी, खरोखर सगळी, बसली की कांड्या पाण्यात सोडाव्यात. चार मिनिटांचे तर काम. घड्याळ वाचता येणाऱ्या मुलाला किंवा यजमानांनाही ते सहज करता येईल. कांड्या निथळून आणाव्यात, लोण्याचा गोळा आणि लिंबाची फोड सोबत ठेवावी. वाढताना प्रत्येक पानात पुऱ्या कांड्या वाढाव्यात, शेंड्यांसकट, घरच्या बाईच्या पानात सगळ्यांइतक्याच.